भोंग्यासमोरचा कोहेन: १९१३ सालच्या एका विनोदी तबकडीचा प्रकरण अभ्यास

जुलै १९१३मध्ये जो हेमन या नकलाकाराने लंडनमध्ये कोलंबिया कंपनीसाठी एक छोटं स्वगत ध्वनिमुद्रित केलं. त्याचं नाव ‘कोहेन ऑन द टेलिफोन’. अमेरिकेत ती तबकडी कोलंबिया ए १५१६ या क्रमांकाने निघाली. खप दहा लाखांच्या वर गेला असं सांगितलं जातं. त्या काळच्या खपाच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये, पण नकला मोजता येतात. मन्रो सिल्व्हरने हेच स्वगत वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कंपन्यांसाठी केलं, बार्नी बर्नार्डने व्हिक्टरसाठी केलं, जॉर्ज एल. थॉम्पसनने कोहेनकडून आरोग्य खात्याला फोन करवला. १९२०च्या दशकात ली डी फॉरेस्टच्या फोनोफिल्म पद्धतीने त्याचा बोलपटही निघाला, त्यात मन्रो सिल्व्हर होता.

सुरुवातीच्या ज्यू विनोदी तबकड्यांत बोलणं आणि संगीत एकत्र कसं आलं, हे समजून घ्यायला ही तबकडी उत्तम आहे, आणि त्याचं कारण म्हणजे हिच्यात संगीत नाही. नुसत्या बोलण्याला त्या यंत्राने काय दिलं आणि काय हिरावून घेतलं ते इथे उघड दिसतं. शिवाय आज ही तबकडी डिजिटल करायला घेतली की संगीत नसण्याची किंमत मोजावी लागते, तीही नेमकी कळते.

प्रसंग साधा आहे. पूर्व युरोपातून आलेला कोहेन भाडेकरू आहे. रात्री वारा सुटला आणि खिडकीचं शटर पडलं. घरमालकाने सुतार पाठवावा म्हणून तो फोन करतो. फोनची सवय नाही, इंग्रजीवर यिडिशची, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेची, छाप. पलीकडचा माणूस काहीतरी भलतंच ऐकतो. ‘युअर टेनंट’ म्हटलं की त्याला लेफ्टनंट ऐकू येतं, ‘शटर’ म्हटलं की ‘शट अप’. पलीकडचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. कोहेनच्या खुलाशांवरूनच तो कळतो.

भोंगा काय पकडतो

१९१३मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरात नव्हता. कलाकार पत्र्याच्या भोंग्यात बोलायचा, भोंग्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीत खाच कोरायची. आवाज वाढवणारं काहीच नाही. खाचेत जी ताकद उतरायची ती सगळी माणसाच्या छातीतून यायची. या यंत्रणेचा उपयोगी आवाका साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ. त्यापलीकडचं थोडंफार उतरतं, पण फार क्षीण. स्वर या पट्ट्यात मावतात. ‘स’, ‘फ’ यांसारख्या घर्षक व्यंजनांची बहुतेक ऊर्जा त्याच्या वर असते, म्हणून ती पुसट होतात. ‘श’ थोडा खाली बसतो, तो बऱ्यापैकी तगतो.

आता संहितेतले शब्द पाहा. टेनंट आणि लेफ्टनंट, शटर आणि शट अप. या जोड्या स्वर आणि आघात यांच्या सारखेपणावर उभ्या आहेत, म्हणजे भोंग्यातून जे शाबूत पोचतं त्यावर. ‘स’ आणि ‘फ’च्या फरकावर बेतलेली कोटी या तबकडीत मेली असती. त्या काळच्या टेलिफोनचा आवाकाही असाच अरुंद होता. त्यामुळे ऐकणाऱ्याला तबकडीचा चेपलेला, नाकातला आवाज हा यंत्राचा दोष वाटलाच नाही. फोनवर माणूस असाच ऐकू येतो! विषय आणि माध्यम यांची एवढी चपखल गाठ त्या काळच्या बोलक्या तबकड्यांत क्वचितच पडली.

दुसरा फायदा विरामांचा. रंगमंचावर नकलाकार हशा ओसरेपर्यंत थांबतो. तबकडीपुढे प्रेक्षक नाहीत. तो थांबला नाही तर घरी ऐकणाऱ्याच्या हशात पुढचं वाक्य बुडतं. फार थांबला तर त्या पोकळीत खाचेची खरखर तेवढी ऐकू येते आणि तबकडी बिघडली की काय असं वाटतं. फोनवरच्या माणसाला थांबावंच लागतं, पलीकडचा बोलत असतो. म्हणजे इथला प्रत्येक विराम अर्थपूर्ण आहे आणि तेवढ्यात हसूनही होतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. मिनिटाला १३० ते १५० शब्द धरले तर ४०० ते ४५० शब्द. विराम वजा केले की आणखी कमी. ही संहिता त्या मापात बरोबर बसते.

कोहेन चिडतो, ओरडतो. भोंग्यासमोर ओरडणं धोक्याचं. पडदा आपल्या नैसर्गिक कंपनावर जाऊन फडफडतो, सुई शेजारच्या खाचेची भिंत फोडते आणि तबकडी वाजवताना त्या जागी आवाज फाटतो. मेणाची मूळ चकती वाजवून तपासता येत नसे, कारण एकदा वाजवली की खाच खराब. म्हणून चाचणीसाठी वेगळं मेण कोरून ऐकायचं आणि मग खऱ्या खेपा घ्यायच्या. अनुभवी कलाकार ओरडण्याच्या वाक्याला मान बाजूला वळवायचे किंवा अर्धं पाऊल मागे सरायचे. जुन्या तबकड्यांत राग वाढतो तसा आवाज जवळ येण्याऐवजी किंचित लांब जातो, तो यामुळे.

याच भोंग्यापुढे वाद्यवृंद आणला की

१९१५ साली अर्व्हिंग बर्लिनने ‘कोहेन ओज मी नाइन्टी-सेव्हन डॉलर्स’ हे गाणं लिहिलं: मरणपंथाला लागलेला व्यापारी मुलाला उधारी वसूल करायला सांगतो. १९१६मध्ये ऱ्होडा बर्नार्डने ते ध्वनिमुद्रित केलं. इथे विनोद आणि चाल एकत्र आहेत, पण गायिकेला तालात राहावं लागतं. हेमनला मिळालेली विरामांची मोकळीक गाण्यात नाही. शब्द चुकला तर पुढच्या ओळीवर सावरून घ्यायचं, बस.

बोलणं आणि बाजा एकावर एक ठेवणं ही खरी अडचण होती. मिश्रण करणारं यंत्र नाही, एकच पडदा. समतोल साधायचा तो फक्त अंतराने. बोलणारा भोंग्यापासून काही इंचांवर, क्लॅरिनेट आणि कॉर्नेट त्याच्या मागे काही फुटांवर, मोठा आवाज करणारी पितळी वाद्यं आणखी लांब. साधं व्हायोलिन ऐकूच जायचं नाही म्हणून धातूचा कर्णा जोडलेलं श्ट्रो व्हायोलिन घ्यायचं, बास तंतुवाद्याऐवजी ट्यूबा, आणि मोठा ढोल बहुधा वर्ज्य, कारण त्याच्या एका ठोक्याने सुई उसळायची. एवढं करूनही बोलणाऱ्याच्या मागे वाद्यं चालू राहिली तर दोन्ही एकाच अरुंद पट्ट्यात येतात आणि शब्द बुजतात. क्लॅरिनेटचे मधले स्वर आणि माणसाच्या बोलण्याचे स्वर एकमेकांच्या अंगावर येतात.

न्यूयॉर्कच्या यिडिश तबकड्यांनी यावर शोधलेला मार्ग मला सगळ्यांत सुंदर वाटतो, आणि तो नवा नव्हता. पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नात बदखन हा यमकं जुळवून बोलणारा माणूस असायचा. तो नवरीला रडवायचा, पाहुण्यांना हसवायचा आणि प्रत्येक कडव्यानंतर क्लेझ्मर, म्हणजे ज्यू लग्नसंगीत, वाजवणारे वादक त्याला सुरांनी उत्तर द्यायचे. बोलणं आणि बाजा आळीपाळीने. विनोदी लग्नप्रसंगांच्या तबकड्यांनी हीच रचना उचलली: आधी वाद्यवृंदाचा तुकडा, मग वाद्यं थांबतात आणि दोघं-तिघं भांडतात, मग बदखनची कडवी, शेवटी नाच. वादक जागचे हलत नाहीत. बोलणारे पुढे येतात, मागे जातात. क्लारा गोल्ड आणि गस गोल्डस्टाइन यांच्यासारख्या जोड्यांनी नवराबायकोची तणातणी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तबकड्यांवर आणली. त्याच सुमारास बी. कोव्नरने ‘फोर्वर्ट्स’ या यिडिश दैनिकात रंगवलेली येन्टे तेलेबेन्दे ही तोंडाळ बायको रंगमंचावर आणि तबकड्यांवर पोचली. कोलंबियासाठी क्लेझ्मर वाद्यवृंद चालवणारा एब श्वार्ट्झ याच काळातला.

बोलणं आणि गाणं असं आळीपाळीने ठेवण्याची सवय मराठी कानाला कीर्तनामुळे आहेच. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, हा ज्यू परंपरेतला बोलण्या-गाण्याच्या जोडीचा आपल्याकडचा धागा. तो विनोदी नाही आणि त्याचा न्यूयॉर्कशी संबंधही नाही, पण रचनेचं नातं लक्षात घेण्याजोगं आहे.

१९२५मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि अंतराचा जाच सैल झाला. पुढे १९४७मध्ये क्लॅरिनेटवादक मिकी कॅट्झने आरसीए व्हिक्टरसाठी ‘हाइम अफन रेंज’ केलं. काउबॉय गाण्याची चाल, यिडिशमिश्रित इंग्रजी शब्द आणि मध्येच उसळून येणारा क्लेझ्मर तुकडा. तिथे वाद्यंच कोटी करतात. भोंग्यापुढे हे जमलं नसतं.

तबकडी डिजिटल करताना

आता मूळ प्रकरणाकडे. हेमनची तबकडी समोर आहे आणि तिची प्रत करायची आहे.

धुताना ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात दोन-चार थेंब आयनविरहित साबणद्रव. अल्कोहोल अजिबात नाही. लाखेची तबकडी त्यात विरघळते. लेबल कोरडं ठेवायचं, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा आणि लगेच पुसून उभी वाळवायची. याच काळातली एडिसनची जाड डायमंड डिस्क हाती आली तर नियम नेमका उलटा: तिला पाणी लावायचं नाही, गाभा फुगतो. तिची खाचही वर-खाली हलणारी असते, कोलंबियाची डावी-उजवी.

सुई हा दुसरा टप्पा. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची. ती या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि फक्त कचरा वाजवते. टोक छाटलेल्या लंबवर्तुळी सुया ७०, ७६ आणि ८४ मायक्रॉनच्या ठेवाव्यात, भार ३ ते ५ ग्रॅम. त्यांतली कोणती घ्यायची ते खरखरीच्या प्रमाणावर ठरवू नये. एकच वाक्य तिन्ही सुयांनी घ्या आणि ‘त’, ‘क’, ‘श’ कुठे स्वच्छ येतात ते ऐका. जुन्या पोलादी सुयांनी खाचेचा एक थर झिजवलेला असतो. त्याच्या वर किंवा खाली बसणारी सुई कमी झिजलेली भिंत वाचते. खरखर थोडी जास्त आली तरी चालेल.

स्टीरिओ कार्ट्रिजने ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर दोन्ही वाहिन्या वेगळ्या घ्या, बेरीज नंतर करा. एखाद्या ठिकाणी खाचेची एकच भिंत फुटलेली असते. वाहिन्या वेगळ्या असल्या तर तेवढ्यापुरती दुसरी वापरता येते. फोनो प्रीअँपची आरआयएए वक्रता, म्हणजे खालचे-वरचे सूर ठरावीक प्रमाणात वाढवण्या-घटवण्याची सोय, बंद हवी. ती एलपीसाठी आहे. वरचा पट्टा दाबते आणि जेमतेम उरलेली व्यंजनं घालवते. बंद करण्याची सोय नसेल तर संगणकावर उलटी वक्रता लावून ती काढून टाका.

मग गती. नाव ‘७८’ असलं तरी कोलंबियाच्या त्या काळातल्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ८० फेऱ्यांच्या धरल्या जातात, आणि प्रत्यक्षात त्याच्या मागेपुढेही असतात. ७८.२६ आणि ८० यांत २.२ टक्क्यांचा फरक: १८० सेकंदांची बाजू १८४ सेकंदांची होते आणि आवाज अर्ध्या स्वराच्या एक-तृतीयांशाहून जरा जास्त, ३८ सेंट्सनी (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट्स), उतरतो. गाण्याच्या तबकडीत हे सावरता येतं. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या हाताळणारे लोक ऑर्गनचा सूर पकडून पट्टी ठरवतात, काळी चार की पांढरी पाच, आणि गती त्यावरून बसवतात. कोहेनच्या तबकडीत सूरच नाही. माणसाचं बोलणं चार टक्के वर-खाली झालं तरी कानाला खटकत नाही. तो फक्त थोडा तरुण किंवा थोडा जाडसर वाटतो. इथे संगीताची उणीव खरोखर जाणवते.

उपाय आहे. तबकडीच्या लेबलजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, पाहा. त्याच्या अगदी जवळचे क्रमांक असलेल्या, वाद्यसाथ असलेल्या तबकड्या शोधा: त्याच जागी, त्याच यंत्रावर, बहुधा त्याच दिवसांत झालेल्या. छापील स्वरलिपीतली पट्टी आणि तबकडीतली पट्टी जुळेल अशी गती काढा आणि तीच स्वगताला लावा. पण लंडनच्या तबकड्यांत एक खड्डा आहे. ब्रिटनमधल्या पितळी वाद्यांच्या बँडांत जुना उंच सूर, ‘ए’ म्हणजे साधारण ४५२ हर्ट्झ, बराच काळ टिकून होता. ४४०शी त्याचा फरक २.७ टक्के, म्हणजे आपण ज्या २.२ टक्क्यांचा छडा लावतोय त्याहून मोठा. म्हणून बँडची साथ असलेली तबकडी टाळा, पियानोची साथ असलेली घ्या, आणि एकीवर न थांबता तीन-चार ताडून पाहा.

फिरकी तपासायला भारतातल्या ५० हर्ट्झ विजेवर ७५ रेघांची स्ट्रोब चकती अचूक ८० दाखवते. ७७ रेघांची ७७.९२. परदेशातून आलेली ९२ रेघांची चकती ६० हर्ट्झसाठी असते, इथे ती चुकीचं सांगेल. घरातल्या एलईडी दिव्याखाली रेघा स्थिर दिसतील याचा भरवसा नाही, निऑनचा छोटा दिवा वापरा.

मधलं भोक मध्यावर नसेल तर सूर हेलकावतो. एक मिलिमीटरची चूक खाचेची त्रिज्या ६० मिमी असताना सुमारे १.७ टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंना २९ सेंट्स इतका हेलकावा देते. बाहेरच्या कडेला त्याच्या निम्मा. बोलण्यात हे खपून जातं, पण लग्नप्रसंगाच्या तबकडीत क्लॅरिनेटचा लांब स्वर लगेच डगमगतो. खूण करून तबकडी केंद्रावर आणण्यात गेलेली दहा मिनिटं संगणकावरचे तास वाचवतात.

सफाईत काय बिघडतं

या टप्प्यावर अशा तबकड्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. खरखर कमी करणाऱ्या प्रोग्रामला ‘स’, ‘श’, ‘फ’ खरखरीसारखेच दिसतात, आणि टकटक काढणाऱ्याला ‘त’, ‘क’, ‘ट’. विनोद चुकीच्या ऐकण्यावर उभा आहे. प्रोग्रामने आणखी एकदा चुकीचं ऐकलं तर कोटी गेली. टकटक हाताने, एकेक पाहून काढा. खाली १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास कापा, वर ५ ते ६ किलोहर्ट्झपासून हळूहळू उतार द्या. ‘या तबकडीत २,५००च्या वर काही नाहीच’ म्हणून ३ किलोहर्ट्झवर भिंत घालू नका. क्षीण असलं तरी व्यंजनांचं उरलंसुरलं तिथेच आहे. खरखर ६ डेसिबेलपेक्षा जास्त उतरवायचा मोह झाला की थांबा आणि मूळ ऐका.

शांत जागा आपोआप छाटण्याची सोय तर पक्की बंद ठेवा. कोहेनचे विराम म्हणजे पलीकडच्या माणसाचं बोलणं आहे. विरामात खरखर पूर्ण पुसली तरी बिघडतं: वाक्य आलं की खरखर येते, थांबलं की जाते, आणि फोन प्रत्येक वाक्यानंतर ठेवल्यासारखा वाटतो. दोन फायली ठेवा: एक जशीच्या तशी, गती आणि दुरुस्तीची नोंद जोडून, दुसरी ऐकण्यासाठी.

नोंद करताना

‘कोहेन ऑन’ आणि ‘कोहेन अ‍ॅट’ अशी दोन्ही शीर्षकं लेबलांवर दिसतात आणि तबकडीवर कोहेन आहे म्हणजे हेमनच आहे असं नाही. कंपनी, क्रमांक, मॅट्रिक्स आणि खेप हे चारही लिहिल्याशिवाय सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अमेरिकी ध्वनिमुद्रणांच्या सूचीशी पडताळणी होत नाही. यिडिश तबकड्यांसाठी मॅडिसन इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा मेरेंट संग्रह हाताशी हवा. संहिता उतरवताना कोहेनचे उच्चार सुधारू नका. ‘विंड’ तो जसा म्हणतो तसाच लिहा, नाहीतर पुढचा गैरसमज का झाला हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

वर्णनात एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे कलाकार आणि त्यांचे श्रोते यांत ज्यू मोठ्या संख्येने होते, तरी रंगमंचावरचा बावळट ‘हिब्रू’ हा साचा बाहेरच्यांच्याही करमणुकीचा होता. ‘कोहेन’ची तबकडी झाली त्याच १९१३ साली शिकागोमध्ये अँटी-डिफेमेशन लीग ही ज्यूंच्या बदनामीविरुद्धची संघटना स्थापन झाली आणि ज्यूंची अशी रंगमंचीय व्यंगचित्रं हा तिच्या पहिल्या लढ्यांतला एक विषय होता. कोहेन मात्र नुसता साचा राहत नाही. त्याची मागणी रास्त आहे, शटर खरंच पडलंय आणि सुतार पाठवणं घरमालकाचंच काम आहे. नोंदीत ‘ज्यू बोलीतला विनोद’ एवढंच लिहिलं तर हे दोन्ही हरवतं. भाडेकरू, घरमालक, टेलिफोन आणि स्थलांतरितांचं इंग्रजी हे विषयशब्दही टाका.

हक्कांचा प्रश्न इथे सोपा आहे. अमेरिकेत १९२३च्या आधी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ला सार्वजनिक झाली. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा, तोही केव्हाच संपला. कॅट्झची १९४७ची तबकडी मात्र अमेरिकेत अजून मोकळी नाही. तिची प्रत संशोधनासाठी जपा, जालावर टाकू नका.